शिंपल्यांचा चुना, जांभ्याचं वृंदावन

दोन वर्षांपूर्वी व्हडल्या दिवाळीच्या आदल्या दिवशी मामाच्या अंगणातल्या वृंदावनाचा एक कोपरा माझ्या हातात आला. दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न होतं. रंग देण्याआधी जुनी धूळ काढावी म्हणून मी ओला ब्रश फिरवत होते, तर वीतभर लांबीचा सिमेंटचा पापुद्रा अलगद सुटला. त्याच्यामागे दगड नव्हताच. होता तो ओला, तांबडा भुगा. बोट घातलं तर पेरभर आत गेलं.

मामाचं घर केरीला आहे. पेडणे तालुक्याच्या वरच्या टोकाला, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे. पणजीहून म्हापसा, शिवोली, मांद्रे, हरमल करत जायचं, वाट चाळीसेक किलोमीटरांची. किनाऱ्यावर सुरूचं बन, आजोबाचं देऊळ, आणि नदीपलीकडे डोंगराच्या नाकावर तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला. लहानपणी फेरीबोटीने पलीकडे जाऊन आम्ही त्याच्या तटाला हात लावून यायचो. गावातली घरं, कुंपणाचे गडगे, विहिरींचे काठ, तो तट, सगळं एकाच दगडाचं. जांभ्याचं. आम्ही त्याला चिरा म्हणतो.

वृंदावन आजीच्या लग्नाच्या वेळचं. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याला भेगा पडल्या तेव्हा मामाने एका ठेकेदाराकडून सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वर ऑइलपेंट मारला. त्या माणसाने फसवलं नाही. सगळ्या गावात जे करतात तेच त्याने केलं. पण जांभा सच्छिद्र दगड आहे. तो जमिनीतून पाणी ओढतो, हवेतली ओल पितो, आणि ऊन पडलं की बाहेर टाकतो. सिमेंट आणि रंगाने त्याची बाहेर टाकायची वाट बंद झाली. खारं पाणी आत साचलं, वाळताना त्याचं मीठ दगडाच्या छिद्रांत फुललं, आणि दगड आतून सुटत गेला. बाहेरून वृंदावन हिरवंगार, चकचकीत दिसत होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी मुलांना जुन्या गोव्याला नेते आणि बॉम जेझू बॅसिलिकाच्या बाजूच्या भिंतींपाशी थांबवते. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेली ही इमारत मुळात चुन्याने गिलावा केलेली, पांढरी होती. १९५०च्या दशकात तो गिलावा काढला, दगड उघडा केला, आणि आज आपण तिला ओळखतो ती तांबड्या भिंतींवरून. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल मात्र पांढरंच आहे. उघडा जांभा पावसात झिजतो, हे मी मुलांना तिथे बोट ठेवून दाखवते. आणि माझ्या आजोळच्या अंगणात तोच दगड बारा वर्षं गुदमरत होता, ते मला दिसलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

त्या वर्षी लग्न तसंच लागलं. सुटलेल्या कोपऱ्यावर मामीने झेंडूची माळ सोडली. पाहुणे गेल्यावर मामा म्हणाला, "आता ठेकेदार नको. मेस्त्रींना विचारूया."

मेस्त्री शेजारच्या गावातले, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांच्या वडिलांनी आसपासच्या घरांचे, देवळांचे चुन्याचे गिलावे केले होते. स्वतः त्यांनी तरुणपणी वडिलांच्या हाताखाली केले आणि पुढे सगळ्यांसारखे सिमेंटकडे वळले. ते आले, वृंदावनाभोवती एक फेरी मारली, खिशातून खिळा काढून चार ठिकाणी टोचून पाहिलं. मग सरळ घराच्या मागे गेले. तिथे माडांच्या बुंध्याशी आजीपासून मामीपर्यंत सगळ्यांनी टाकलेला शिंपल्यांचा ढीग आहे. तिसऱ्या, खुबे, कालवं, शिणाणे. किती वर्षांची जेवणं असतील ती! वरचे अजून करडे-निळसर, खालचे पावसाने धुऊन पांढरे पडलेले. मेस्त्रींनी वरचा थर पायाने बाजूला केला, खालचा एक जाड खुबा उचलला, फुंकर मारली.

"बाय, चुनो हांगाच आसा," ते म्हणाले. चुना इथेच आहे.

दुकानात चुन्याची पिशवी मिळते, मग एवढा खटाटोप कशाला, असं मी त्यांना विचारलं. भिंती पांढऱ्या करायला ती ठीक, असं म्हणून ते गप्प राहिले. उत्तर मला मिळालं ते दोन महिन्यांनी, सड्यावर.

जानेवारीत मामाबरोबर मी हरमलच्या बाजूच्या सड्यावर गेले होते. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. उन्हाळ्यात तिथे करपलेलं गवत आणि काळपट कातळ एवढंच दिसतं. परक्या माणसाला वाटतं, पडीक जमीन. पण पावसाळ्यात त्याच कातळाच्या खळग्यांत निळ्या सीतेच्या आसवांचे आणि पांढऱ्या गेंदांचे गालिचे पसरतात, आणि सड्याने पोटात घेतलेलं पाणी खाली झऱ्यांना आणि विहिरींना पुढे कितीतरी महिने पुरतं. पेडण्यातला मोपाचा सडा आता विमानतळाखाली गेला आहे. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. बाकीचे राहावेत असं मला मनापासून वाटतं. कारण त्या कातळाखाली आमच्या विहिरींचं पाणी आहे.

तर त्या सड्यावर एक जुनी चिरेखाण आहे. खाणीच्या उभ्या भिंतीवर चिरे कापल्याच्या आडव्या रेघा अजून स्पष्ट आहेत. ताजा कापलेला जांभा मऊ असतो, कोयतीने तासता येतो; हवा लागली की घट्ट होतो. या दगडाला लॅटराइट हे नाव दिलं फ्रान्सिस बुकानन यांनी, १८०७ साली, केरळात. लॅटिनमधल्या वीट या शब्दावरून. मी मामाला सांगत होते की हा दगड मुळात असा नव्हता. लाखो वर्षांचं ऊन आणि पाऊस, आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, यांनी मूळ खडकातलं जे जे विरघळण्यासारखं होतं ते धुऊन नेलं. मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून तो तांबडा.

"आणि धुऊन गेलं ते काय?" मामाने विचारलं.

सगळ्यात आधी जाणाऱ्यांत कॅल्शियम असतो. म्हणजे चुना. हे वाक्य बोलता बोलता मी थांबले. सड्यावरून खाली तेरेखोल नदी दिसत होती, तिचं मुख दिसत होतं, आणि त्यापुढे समुद्र. सड्यांनी, डोंगरांनी सोडलेला चुना नद्यांनी समुद्रात नेला. तिथे खुब्यांनी, कालवांनी तो पाण्यातून वेचून अंगावर कवच म्हणून चढवला. इतर मुलुखांत चुनखडीचे डोंगर असतात, तिथली माणसं दगड भाजून चुना करतात. आमच्या किनाऱ्यावर तसा डोंगर नाही. आमची चुनखडी समुद्राच्या आणि खाडीच्या तळाशी घडते आणि जेवणाच्या ताटातून परसात येते. जांभ्याच्या भिंतीला शिंपल्यांचा चुना लावणं म्हणजे दगडातून गेलेली गोष्ट त्या दगडाच्या अंगावर परत चढवणं. मेस्त्रींना हे रसायनशास्त्र माहीत असायची गरज नव्हती. त्यांना ढीग कुठे असणार ते माहीत होतं.

फेब्रुवारीत आम्ही वृंदावनाचं सिमेंट छिन्नीने उतरवलं. हलक्या हाताने, कारण काही ठिकाणी सिमेंट निघताना चिऱ्याचा तुकडाही घेऊन येत होतं. दोन चिरे पार गेले होते; ते मामाच्या पडक्या गोठ्यातल्या चिऱ्यांतून तासून घेतले. उघडं झालेलं वृंदावन पाहून मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. तुळस तिने कुंडीत काढून ओसरीच्या पायरीशी ठेवली. मग आठवड्या-आठवड्याला दगडावर पांढरं मीठ फुलायचं. मी दर रविवारी जाऊन ते कोरड्या ब्रशने झाडायचे आणि कागदावर गोळा करून लांब टाकून यायचे. पाण्याने धुतलं असतं तर ते परत आत गेलं असतं. मेच्या मध्यावर ते यायचं थांबलं.

दरम्यान भट्टी लागली. एप्रिलमध्ये, काजूच्या दिवसांत. ढिगातून मेस्त्रींनी जाड कवचं निवडायला लावली, खुबे आणि कालवं जास्त. आम्ही ती गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मामाच्या काजू मोजायच्या काट्यावर तोलली. बरोबर ६० किलो. भट्टी म्हणजे चिऱ्यांच्या तुकड्यांचं कमरेएवढं गोल आळं, आतून मातीने लिंपलेलं, बुडाशी चार भोकं, त्यातलं समुद्राच्या बाजूचं मोठं. तळाला सुरूची लाकडं, वर करवंट्यांच्या कोळशाचा थर, त्यावर शिंपले, परत कोळसा, परत शिंपले, असं काठापर्यंत. शिंपले दाबून भरायचे नाहीत, वाऱ्याला वाट पाहिजे. दुपारी चारच्या सुमाराला खारा वारा जोर धरतो, तेव्हा मेस्त्रींनी आग दिली.

पहिला तासभर नुसता धूर आला. मग धूर विरळ झाला आणि काळोख पडेपर्यंत भट्टीचं पोट केशरी झालं होतं. शिंपल्यातलं कॅल्शियम कार्बोनेट फुटायला साधारण ९०० अंश लागतात. माझ्याकडे ते मोजायचं साधन नव्हतं. मेस्त्री भोकातून रंग बघायचे आणि झावळीच्या पात्याने वारा घालायला सांगायचे. रात्री अकरापर्यंत आम्ही आळीपाळीने वारा घातला.

सकाळी निवलेल्या भट्टीतून काढलेला खुबा मी कधी विसरणार नाही. आकार तोच, अंगावरच्या वळ्या त्याच, एकही मोडलेली नाही. पण हातात वजन नव्हतं, पोह्याच्या पापडासारखा हलका. आणि पांढरा असा की सावलीतही डोळ्यांवर यावा. ६० किलो शिंपल्यांतून हिशेबाने ३३.६ किलो कळीचा चुना यायला हवा होता, कारण शंभरातले ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडतात. काट्यावर भरले ३९. म्हणजे बारा किलोच्या आसपास शिंपले अजून कच्चे होते. मी वहीत आकडेमोड करत होते तेवढ्यात मेस्त्रींनी भट्टीच्या वाऱ्याआडच्या बाजूचे शिंपले वेगळे काढायला सुरुवातही केली होती. एक उचलायचा, दुसऱ्यावर आपटायचा. टणक वाजला की डावीकडे, बद्द वाजला की उजवीकडे. डावीकडचे तोलले तर तेरा किलो भरले. ते पुन्हा भाजले.

चुना विरवायचं काम धोक्याचं आहे. कुणी करायला जाणार असेल तर हे नीट वाचावं. मी प्रयोगशाळेतले चष्मे नेले होते, सगळ्यांना सक्तीने लावायला सांगितले, मेस्त्रींनीही लावला. हातांना खोबरेल तेल, वर रबरी मोजे. मुलांना घरात पाठवलं. भांडं लोखंडी पिंप अर्धं कापून केलेलं. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, चुना त्याला खातो. आणि चुन्यावर पाणी ओतायचं नाही, भरपूर पाणी घ्यायचं आणि त्यात चुना थोडा थोडा सोडायचा. मेस्त्रींनी पहिली ओंजळ सोडली. क्षणभर काहीच नाही. मग शिंपल्यांतून बारीक बुडबुडे, मग करकर आवाज, आणि एकेक शिंपला वळ्यांवर उलत गेला, फुलला, आणि पिठासारखा ढासळला. पाणी चुलीशिवाय उकळत होतं. शाळेत हे समीकरण मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. वाफ तोंडावर आली तेव्हा मात्र मी दोन पावलं मागे सरले.

दिवस मावळेपर्यंत पिंपात दाट, दह्यासारखा लगदा झाला. तो बारीक जाळीतून गाळून दोन प्लॅस्टिकच्या पिंपांत आणि आजीच्या एका जुन्या मडक्यात भरला, वर चार बोटं पाणी ठेवलं. पाण्याखाली हवा लागत नाही तोवर चुना कितीही दिवस राहतो, उलट मुरून चांगला होतो. मामीने चमचाभर आपल्या पानाच्या डबीत घेतला.

"कधी लावायचा?" मी विचारलं.

"पाऊस जाऊं दी. चुन्याक घाई चलना."

पावसाळाभर वृंदावन झावळ्या आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. या चार महिन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मामा अधूनमधून पिंपांतलं पाणी वाढवायचा आणि फोनवर सांगायचा, एवढंच.

नवरात्र संपता संपता मेस्त्री आले. पाऊस ओसरला होता, पण हवेत ओल होती. चुन्याला तीच हवा लागते. झाकण काढून त्यांनी करणी पिंपात घातली आणि उलटी धरली. चुना चिकटून राहिला, पडला नाही. लोण्यासारखा झाला होता. वाळू नदीची, समुद्राची नव्हे. समुद्राच्या वाळूत मीठ असतं आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तेच परत भिंतीत गेलं असतं. एक घमेलं चुना, अडीच घमेली वाळू, त्यात मंगळुरी कौलांचा कुटून केलेला चुरा आणि कापलेला काथ्या. कौलांचा चुरा चुन्याला ओलीतही घट्ट व्हायला मदत करतो. वृंदावनाला रोज पाणी पडणार, म्हणून तो हवाच. पाणी जवळजवळ घातलंच नाही. फावड्याच्या दांड्याने कांडत राहायचं, कांडता कांडता तो आपोआप सैल होतो. पूर्वी यासाठी चुन्याची घाणी असायची, बैल दगडी चाक फिरवायचे. आम्ही तिघांनी पाळीपाळीने दोन तास कांडलं. माझ्या तळहातांना फोड आले. मेस्त्रींच्या नाही.

आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी वृंदावन भिजवलं. कोरडा चिरा गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा धरत नाही. मेस्त्रींनी पहिला थर करणीने फेकून मारला. थापला नाही. प्रत्येक फेकीला मनगटाचा एकच झटका, आणि माल बरोबर दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात जाऊन बसत होता. पंचाहत्तरीतलं ते मनगट मी बघत राहिले. तीन-चार तासांनी, थर थोडा ओढला की लाकडी रंध्याने दाबून घ्यायचा. मग ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि ते सुकू द्यायचं नाही.

इथे चूक झाली, आणि ती माझी होती. गोणपाट ओलं ठेवायची जबाबदारी मी घेतली होती. तिसऱ्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं म्हणून पणजीला गेले. मामाला सांगायचं राहून गेलं. तो काजूच्या बागेत रान साफ करायला गेला होता. ऑक्टोबरचं ऊन. दोन दिवसांनी परतले तर दक्षिणेच्या अंगाचं गोणपाट कडक वाळलेलं आणि खाली गिलाव्यावर केसासारख्या भेगांचं जाळं. चुना वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन घट्ट होतो, आणि ते व्हायला ओल लागते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मेस्त्री रागावले नाहीत. त्यांनी तो पूर्ण अंग खरवडून काढला, माल परत पिंपात टाकला, पाणी शिंपडून कांडला, आणि दुसऱ्या दिवशी नव्याने मारला. अजून घट्ट न झालेला चुना असा परत वापरता येतो. सिमेंटचं एकदा बिघडलं की राडा म्हणून फेकावं लागतं.

वरचा थर पातळ, बारीक चाळलेल्या वाळूचा, त्यात थोडं गुळाचं पाणी. चार कोनाडे मेस्त्रींनी बोटांनीच गोल केले. सगळं पांढरं झालं तेव्हा मामी म्हणाली, छान आहे, पण आजीच्या वेळी कठड्याला तांबडी नक्षी होती. मेस्त्री हसले. ती काव होती, म्हणाले. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्यावर तांबडी वेलबुट्टी दिसते, ती कावी. पांढऱ्या चुन्यावर काव, म्हणजे जांभ्याची तांबडी माती, चुन्यात कालवून तिचा पातळ थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच टोकाने खरवडून खालचं पांढरं उघडं करायचं. रंगवायचं नाही, कोरायचं. मामाने सड्याच्या उतारावरची माती आणली, मी ती पाट्यावर वाटून फडक्यातून गाळली. चुन्याच्या निवळीत कालवल्यावर विटकरी दुधासारखी दिसत होती.

कठड्याच्या पट्टीवर तो थर चढवून मेस्त्रींनी पाऊण तास वाट पाहिली. मग तोच पहिल्या दिवशीचा खिळा खिशातून निघाला. माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन त्यांनी आधी एक वर्तुळ मारलं, त्याच मापाने त्यात सहा पाकळ्या. मग खिळ्याच्या टोकाने पाकळ्यांमधली माती अलगद उचलली. खालून पांढरं दिसू लागलं. चौथ्या फुलापर्यंत त्यांचा हात थरथरायला लागला, म्हणून त्यांनी खिळा मला दिला. पुढची फुलं मी कोरली. ती तितकी सारखी नाहीत, जवळून पाहिलं तर कळतं. शेवटी गुळगुळीत गोट्याने सगळी पट्टी घासून चकाकी आणली. सड्याचा तांबडा, समुद्राचा पांढरा.

कार्तिकात लग्न लागलं. ऊस, दिंडो, चिंचा-आवळ्यांच्या डहाळ्या, चारही कोनाड्यांत पणत्या. भटजींनी पाणी शिंपडलं तेव्हा मामी दचकून कठड्याकडे बघत होती, रंग वाहील की काय म्हणून. काही वाहिलं नाही. मेस्त्री मागे उभे होते, आजीने ठेवलेल्या जागी तुळस परत आलेली बघत.

त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला. उत्तरेच्या अंगावर खालपर्यंत हिरवट शेवाळ आलं आहे, ते खरं. तिथे दर वर्षी चुन्याची निवळ मारावी लागणार. पण पाऊस उघडून ऊन आलं की दुपारपर्यंत ओल गेलेली असते. पूर्वी तळ मार्गशीर्षापर्यंत ओला असायचा. मीठ अजून दिसलेलं नाही.

गेल्या महिन्यात माडाची झावळी पडून पश्चिमेचा कोपरा टवका उडाला. दोन बोटांएवढा. तो तुकडा मी रुमालात बांधून शाळेत नेला. नववीच्या मुलांसमोर तो मधोमध फोडला आणि ताज्या कापावर फिनॉल्फथॅलीनचे थेंब सोडले. विरवलेला चुना लागला की हे रसायन गुलाबी होतं. आतला भाग लगेच गडद गुलाबी झाला: तिथे अजून विरवलेला चुनाच आहे. बाहेरच्या कडेला मात्र पांढरी, रंग न चढलेली पट्टी राहिली, तांदळाच्या दाण्याच्या जाडीची. तेवढा भाग वर्षभरात परत दगड झाला होता, रसायनाने तोच जो खुब्याच्या अंगावर होता. एका मुलीने विचारलं, "टीचर, आतलं कधी होणार?" मी तिला कडेला मोजपट्टी लावून ती पांढरी पट्टी किती मिलिमीटर आहे ते मोजायला लावलं, आणि राहिलेल्याचा हिशेब सगळ्यांनी वहीत मांडला.

शनिवारी केरीला गेले. मामीने आजीचं मडकं पुढे ओढलं, वरचं पाणी कलंडलं. चुना तसाच होता, मऊ, थंड. मेस्त्रींना आता चढ-उतार झेपत नाही. त्यांनी फोनवर सांगितलं तसा मीच माल कांडला, कोपरा भिजवला, करणीने मारला आणि रंध्याने दाबला. मग गोणपाट बांधलं. या वेळी मी चार दिवसांची रजा टाकून आले होते, आणि दर दोन तासांनी तांब्या घेऊन अंगणात जात होते.